धाव गेली, टायर आलं

गाडी खाली बसवायची आणि रुंद टायर लावायचे, हे फॅड पुण्या-मुंबईतल्या पोरांचंच असं वाटतंय? मग बीडच्या ऊसतोड कामगारांची टायरगाडी बघा. माझ्या मते आपलं अस्सल मॉडिफिकेशन तेच.

जुनं चाक लाकडी. मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेरून लोखंडी धाव. लोहार धाव लालभडक तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की चाक घट्ट! पण अरुंद धाव मऊ रानात रुतायची.

1888 साली डनलपने सायकलसाठी हवेचं टायर काढलं. पुढे ते बैलगाडीलाही आलं. रुंद टायर कमी रुततं, बेअरिंगमुळे चाक हलकं फिरतं. चाक लहान, म्हणून गाडी बुटकी आणि मोळ्या चढवणं सोपं.

1950 च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग इतरही झाले. बीडची माणसं दर हंगामात कोयता घेऊन निघू लागली. बऱ्याच ठिकाणी टायरगाडी कारखान्याची, भाड्याने. बैल मात्र स्वतःचे.

आता खरी गोम. मजुरी टनावर. त्यामुळे चाक हलकं झालं म्हणून बैलाला विसावा मिळाला नाही, ओझं वाढलं. 1965 च्या प्राणी-क्रूरता नियमांतही टायरच्या गाडीला जास्त वजनाची मुभा आहे. आपल्याकडे नाही का, कॉम्प्युटर फास्ट झाला म्हणून कोणी लवकर घरी जात नाही! फरक एवढाच, की आपल्या मानेवर जू नसतं.