बटु दीर्घिकांच्या परिघावरील तरुण तारे : एका प्रश्नाचा इतिहास

नीलवर्णी संहत बटु दीर्घिका हा दीर्घिकांचा एक अल्पतेज वर्ग होय. त्यांचा आकार लहान असतो. जड मूलद्रव्यांचे प्रमाण सूर्यातील प्रमाणाच्या निम्म्यापासून पन्नासाव्या हिश्शापर्यंत उतरलेले असते. आणि त्यांच्या मध्यभागी नवजात ताऱ्यांचे तेजस्वी पुंज दिसतात. या दीर्घिका कशा घडल्या, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ त्या तेजस्वी मध्यभागातच शोधले गेले. २०२२ साली पुण्याच्या ‘आयुका’ या केंद्रातून झालेल्या संशोधनाने लक्ष परिघाकडे वेधले. हा पालट कसा घडला, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रश्नाची पहिली नेमकी मांडणी सर्ल आणि सार्जंट यांनी १९७२ साली केली. फ्रिट्झ झ्विकी यांच्या सूचीतील दोन बटु दीर्घिकांचे वर्णपट तपासून त्यांनी दोन पर्याय पुढे ठेवले. एक तर या दीर्घिका खरोखरीच अल्पवयी असाव्यात, किंवा त्यांच्यातील तारेनिर्मिती मधूनमधून उसळून पुन्हा थंडावत असावी. पुढे अशा बहुतेक दीर्घिकांत जुन्या ताऱ्यांचा अंधुक थर आढळला. सर्वांत तरुण समजल्या गेलेल्या ‘१ झ्विकी १८’ मध्येही हबल दुर्बिणीने जुने तांबडे राक्षसी तारे दाखविल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिला पर्याय अशा रीतीने मागे पडला. परंतु त्यामुळे दुसरा प्रश्न अधिक तीव्र झाला. तारेनिर्मिती पुनःपुन्हा होत असेल, तर तिला लागणारे द्रव्य कोठून येते?

या द्रव्याचा एक मोठा साठा परिघावर असतो, हे रेडिओ निरीक्षणांनी दाखविले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुणे येथील केंद्राने नारायणगावाजवळ खोडद येथे ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली आहे. तिच्या साहाय्याने बेगम, चेंगलूर आणि कराचेन्त्सेव्ह यांनी २००५ साली ‘एनजीसी ३७४१’ या बटु दीर्घिकेतील हायड्रोजनची तबकडी दृश्य त्रिज्येच्या सुमारे आठपट दूरवर पसरलेली असल्याचे दाखविले. ही दीर्घिका अनियमित वर्गातील असली, तरी ताऱ्यांचा दृश्य विस्तार म्हणजे दीर्घिकेची सीमा नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

मात्र वायू असला म्हणजे तारे जन्मतातच असे नाही. तरुण व तप्त तारे मुख्यतः जंबुपार प्रकाश देतात, आणि वातावरण तो शोषून घेते. म्हणून त्यांचा शोध अवकाशातूनच घ्यावा लागतो. अमेरिकेच्या ‘गॅलेक्स’ या २००३ साली सोडलेल्या उपग्रहाने ‘एम ८३’ या मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या दूरस्थ कडांवर असे तारे दाखविले. परंतु त्याची विभेदनक्षमता ४ ते ५ विकला एवढीच होती. दूरच्या बटु दीर्घिकेच्या बाबतीत १ विकलेत ६ ते १२ हजार प्रकाशवर्षांचे अंतर सामावते. साहजिकच संपूर्ण दीर्घिका एका ठिपक्यात विरून जाते.

ही उणीव २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ने भरून काढली. त्यावरील जंबुपार दुर्बीण गॅलेक्सपेक्षा लहान, सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाची असली, तरी तिची विभेदनक्षमता दीड विकलेच्या आसपास आहे. तिच्या उभारणीत बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर आयुका आणि मुंबईची टाटा संस्था यांचाही वाटा होता. या मोहिमेचे प्रमुख अन्वेषक प्रा. पी. सी. अग्रवाल हे टाटा संस्थेतील कारकिर्दीनंतर मुंबईच्या उपनगरातील कालिना येथील मूलभूत विज्ञान केंद्राशी संबद्ध होते.

या दुर्बिणीने अश्मंत तारकासमूहातील एका छोट्या क्षेत्राचे दीर्घकाळ निरीक्षण केले. तेजपूर विद्यापीठाचे अंशुमान बोरगोहाईं, आयुकाचे कनक साहा व श्याम टंडन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून ११ बटु दीर्घिका निवडल्या. त्यांची ताम्रच्युती ०.१ ते ०.२४ आहे, म्हणजे त्यांचा प्रकाश १३० ते २८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेजस्वी केंद्राचा प्रकाश दुर्बिणीतच पसरून कडेला आभासी उजेड निर्माण करू शकतो. म्हणून तो परिणाम प्रथम वजा करण्यात आला. त्यानंतरही ११ पैकी १० दीर्घिकांत जंबुपार प्रकाश हबलने टिपलेल्या दृश्य प्रकाशापेक्षा अधिक संथपणे मावळत जातो, असे आढळले. हा प्रकाश गुठळ्यांच्या रूपात दिसतो. त्यावरून बाहेरील तबकडी गुरुत्वीय दृष्ट्या अस्थिर असावी, असे अनुमान निघते. गतिकीय घर्षणामुळे या गुठळ्या आत सरकतात, आणि दर १०० कोटी वर्षांत सरासरी १० लाख सूर्यांहून अधिक वस्तुमान केंद्राकडे जाते, असा त्यांचा हिशेब आहे.

या निष्कर्षातील निरीक्षण व अनुमान यांचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. परिघावरील जंबुपार प्रकाश हे निरीक्षण होय. विश्वातील वायू येऊन मिळत असल्यामुळे ही तबकडी वाढते आणि तिच्यातील गुठळ्या केंद्राचे भरणपोषण करतात, हे अनुमान होय. नमुना ११ दीर्घिकांचा व एकाच क्षेत्रातील आहे, आणि इतक्या अंतरावरील एकेका बटु दीर्घिकेतील हायड्रोजन मोजणे अतिशय दुष्कर आहे. तथापि १९७२ च्या प्रश्नाचे स्वरूप आता पालटले आहे. दीर्घिका जुनी की नवी, हा वाद उरलेला नाही. जुन्या गाभ्याभोवती ती अद्याप किती आणि कोणत्या वेगाने बांधली जात आहे, हे मोजावयाचे आहे. त्यासाठी खोडदसारखी रेडिओ निरीक्षणे आणि जंबुपार निरीक्षणे एकाच दीर्घिकेवर एकत्र आणणे, ही या संशोधनाची पुढील दिशा ठरते.