जेवणाचा अर्धा तास कोणाचा?

खामगाव, शेगाव, मलकापूर म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो. जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा 1870 मध्ये आला तो कापसासाठीच. त्या गाठींमागे जिनिंग फॅक्टऱ्या होत्या आणि तिथे राबणारी माणसं होती, त्यांत बाया पुष्कळ. त्यांच्या दुपारच्या भाकरीचा इतिहास आज पाहू.

मुंबईची बाजू आपल्याला ठाऊक आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधू'चे संपादक, यांनी सप्टेंबर 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुपारी अर्धा तास विश्रांतीची मागणीही त्यातच होती, आणि आम्हाला ती जास्त मोलाची वाटते. सुटीच्या दिवशी कामगार गिरणीत नसतोच. दुपारी मात्र तो गिरणीच्या आवारात असूनही तेवढा वेळ गिरणीचा नसतो. 1891 च्या कायद्याने हे मान्य केलं: 12 ते 2 च्या दरम्यान अर्धा तास काम थांबवायचं.

आता आपल्या जिनिंगकडे वळू. 1881 च्या पहिल्या कायद्यात कारखाना कोणता? जिथे निदान शंभर माणसं आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त काम. जिनिंग तर हंगामापुरतं! कापूस संपला की कुलूप. तत्त्वज्ञानात आम्ही जन्मभर व्याख्यांवर वाद घातले, पण तिथे व्याख्या चुकली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. इथे राहत होतं. चार महिन्यांच्या आतले हंगामी कारखाने कायद्यात यायला 1911 उजाडलं. 1934 मध्ये पुन्हा दुजाभाव: बारमाही कारखान्यात दिवसाचे 10 तास, हंगामीत 11. हा भेद 1948 च्या कायद्याने पुसला, आणि त्याच्या कलम 55 ने सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास दिला.

आणि पगाराचं काय? तो अर्धा तास कामाच्या तासांत धरला गेला नाही. महिन्याच्या पगारदाराला ते जाणवत नाही. उक्त्या कामावर, वजनावर मजुरी असली की मात्र भाकर खायला बसणं म्हणजे पैसे सोडणं. तिथे मुकादमाला ओरडावंही लागत नाही, बाई आपणच लवकर उठते. हक्क आहे, पण घेतला तर रोजी कमी. कायद्याला हे कोडं नीट सुटलेलं नाही, असं आमचं मत आहे.

एक धागा मात्र हाती लागतो. 1948 च्याच मुंबई दुकाने व संस्था कायद्यात कामाच्या अवधीची व्याख्या होती: कर्मचारी मालकाच्या दिमतीला असतो तो काळ. फार नेमकी व्याख्या! चिखली-मेहकर रस्त्यावर पेट्रोल पंपावर दुपारी एकटाच असलेला पोरगा घ्या. डबा उघडला, गाडी आली, उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. हजेरीपत्रकात 1 ते 1.30 विश्रांती लिहिली असली, तरी या व्याख्येने तो कामावरच होता, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्याला मिळायला हवेत.