ध्येय लिहा, म्हणजे नेमकं काय लिहा?

नेटवर्क मार्केटिंगच्या मीटिंगचं आमंत्रण एकदाही न आलेला पुण्यातला इंजिनिअर शोधूनच काढावा लागेल. व्हाइटबोर्डवर मधोमध एक गोल, तो म्हणजे आपण. भोवती सहा गोल, त्या प्रत्येकाभोवती आणखी सहा... बोर्ड भरला की हातात कागद येतो. "पाच वर्षांनी कुठे असायचंय? ध्येय लिहा!" बहुतेक जण गाडी लिहितात. ही पद्धत आली कुठून, ते शोधण्यात माझा अख्खा वीकएंड गेला.

सुरुवात कॅलिफोर्नियात. कार्ल रेनबोर्ग यांची न्यूट्रिलाइट ही व्हिटॅमिनची कंपनी होती. १९४५ मध्ये तिच्या विक्रीचं काम ली मायटिंगर आणि विल्यम कॅसलबेरी या जोडगोळीकडे आलं. मायटिंगर त्याआधी दफनभूमीतल्या जागा विकायचा आणि कॅसलबेरी चक्क मानसशास्त्रज्ञ! त्यांनी नियम केला, की विक्रेत्याला स्वतःच्या विक्रीचा नफा मिळेलच, पण त्यानं आणलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही कमिशन मिळेल. म्हणजे आता ध्येयं दोन झाली. माल विका, आणि माणसं आणा. पुढची सगळी भानगड या दुसऱ्या ध्येयाची.

१९४९ मध्ये मिशिगनचे दोन मित्र, रिच डिव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल, यात शिरले. त्यांना कुणी आणलं? व्हॅन अँडेलच्या नात्यातल्याच एकानं. (नातेवाईकांची यादी तेव्हापासूनच बिचारी!) १९५९ मध्ये दोघांनी ॲमवे काढली.

पण मला सगळ्यात भारी वाटला तो फ्लोरिडाचा ग्लेन टर्नर. कॉस्कॉट ही त्याची सौंदर्यप्रसाधनांची कंपनी होतीच, पण 'डेअर टू बी ग्रेट' नावाच्या उद्योगात त्यानं ध्येयच विकायला काढलं. टेप, सेमिनार, टाळ्या. पहिला कोर्स ३०० डॉलरचा, चौथा ५,००० चा. वरचा कोर्स घेतला की आपणही गिऱ्हाईक आणून कमिशन मिळवायचं. मोठं व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला मोठं होण्याचा कोर्स विकायचा. इंजिनिअर याला एक्झिट कंडिशन नसलेलं रिकर्शन म्हणेल. १९७३ मध्ये अपील न्यायालयानं या विक्रीवरची बंदी कायम ठेवली. १९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं कॉस्कॉटच्या प्रकरणात पिरॅमिडची व्याख्या केली. माल खऱ्या ग्राहकापर्यंत जाण्याशी संबंध नसलेला मोबदला केवळ माणसं आणल्याबद्दल मिळत असेल, तर तो पिरॅमिड.

त्याच वर्षी कमिशननं ॲमवेवरही खटला भरला. निकाल आला १९७९ मध्ये. ॲमवे पिरॅमिड नाही असं ठरलं, आणि त्याला मुख्य आधार होता कंपनीच्याच नियमांचा. न विकलेला माल परत घ्यायचा. बोनस हवा तर महिन्यात घेतलेल्या मालातला किमान ७०% विकलेला असला पाहिजे. आणि महिन्याला किमान दहा वेगवेगळ्या ग्राहकांना विक्री झाली पाहिजे. मात्र किमती ठरवून देणं आणि कमाईचे फुगवलेले दावे, या दोन गोष्टींत कंपनी दोषी ठरली. कमाईचे आकडे दाखवायचे, तर सरासरी कमाई किंवा तिथवर पोचलेल्यांची टक्केवारीही सांगा, असा आदेश झाला.

ही टक्केवारी का महत्त्वाची, ते बोर्डावरच्या गोलांतूनच दिसतं. प्रत्येकानं सहा आणायचे म्हटलं, तर बाराव्या पातळीला २१७ कोटी माणसं लागतात आणि तेराव्याला १,३०६ कोटी. पृथ्वीवर एवढी माणसंच नाहीत! म्हणजे खालच्या पातळीवरच्याचं ध्येय त्याच्या आळसामुळे हुकत नाही, ते गणितातच बसत नाही. पण मीटिंगमध्ये त्याला सांगतात, "तुझं 'व्हाय' कच्चं आहे." हे मला खरंच क्रूर वाटतं. पैसे गेले तर परत कमावता येतात, पण नोकरी लागून सहा महिने झालेला पोरगा स्वतःलाच नालायक समजायला लागतो, आणि ज्या मामाला गळ घातली तो मामा फोन उचलत नाही.

आपल्याकडे ॲमवेचा कारभार १९९८ मध्ये सुरू झाला. माणसं जोडण्याच्या पैशाच्या साखळीवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ चाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं थेट विक्रीचे वेगळे नियम आणले. त्यानुसार पिरॅमिड योजना चालवता येत नाही आणि विक्रेत्याकडून प्रवेश फीही घेता येत नाही.

आणि हो, ध्येयाचा कागद कुणी पुढे केलाच, तर त्यालाच विचारा, "गेल्या महिन्यात तुमच्या टीमबाहेरच्या किती जणांनी हे विकत घेतलं?" १९७९ च्या निकालात तो आकडा दहा आहे.