नेटवर्क स्विचचे सॉफ्टवेअर : नव्या आवृत्तीत काय येते आणि काय जाते

कार्यालयातील संगणक, दूरध्वनी संच, निगराणी कॅमेरे आणि वाय-फायची उपकरणे ज्या पेटीला तारांनी जोडलेली असतात, ती पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. आलेली माहिती कोणत्या तारेकडे धाडायची, हे काम तिच्यातील चिप करते. मात्र त्या चिपला नियम घालून देणारी एक संपूर्ण कार्यप्रणाली स्विचमध्ये चालत असते. सिस्कोच्या आजच्या स्विचमध्ये ती 'आयओएस एक्सई' या नावाने, जुनिपरच्या स्विचमध्ये 'जुनोस' तर अरिस्टाच्या स्विचमध्ये 'ईओएस' या नावाने ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुली केलेली 'सोनिक' ही प्रणाली २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. मोबाईलप्रमाणे या प्रणालीही वेळोवेळी अद्ययावत कराव्या लागतात. परंतु मोबाईल काही मिनिटे बंद राहिला तर एकाची गैरसोय होते. स्विच बंद राहिला तर मजलाभर माणसांचे काम थांबते. त्यामुळे स्विचचे अपडेट पुढे ढकलण्याकडे सर्वत्र कल असतो.

नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणात नव्या सुविधांची यादी आरंभी असते आणि जाहिरातीतही तीच झळकते. अनुभवी नेटवर्क अभियंता मात्र आधी पुढची पाने उघडतो. तेथे बदललेले पूर्वनिर्धारित वर्तन, बंद केलेल्या सोयी, दूर झालेले दोष आणि अद्याप शिल्लक असलेले दोष नोंदवलेले असतात. काय काढून टाकले गेले, हे काय नवीन आले याहून अनेकदा महत्त्वाचे ठरते. सिस्कोच्या 'स्मार्ट इन्स्टॉल' या सोयीची कथा त्याचे ठळक उदाहरण आहे.

दूरच्या शाखेत नवा स्विच पोहोचला की तेथे अभियंता न पाठवता त्यात सॉफ्टवेअर आणि मांडणी आपोआप उतरावी, यासाठी ही सोय होती. स्विच टीसीपीच्या ४७८६ क्रमांकाच्या पोर्टवर आदेशाची वाट पाहत असे. आदेश देणारा कोण, याची खातरजमा करण्याची तरतूद मूळ रचनेतच नव्हती. बंदिस्त जाळ्यात ते खपून गेले असते. पण काम झाल्यावर ही सोय बंद करण्याचे अनेकांच्या ध्यानी राहिले नाही आणि असंख्य स्विच थेट इंटरनेटवर उघडे राहिले. सिस्कोच्या टालोस या सुरक्षा विभागाने एप्रिल २०१८ मध्ये अशी १ लाख ६८ हजारांहून अधिक उपकरणे मोजली होती. त्याच्या काही दिवस आधी, २८ मार्च २०१८ रोजी, याच सोयीतील एक गंभीर दोष जाहीर होऊन त्यावरील दुरुस्तीही आली होती. तो दोष सीव्हीई-२०१८-०१७१ या क्रमांकाने ओळखला जातो.

६ एप्रिलच्या रात्री इराणसह अनेक देशांतील स्विचची मांडणी पुसली गेली. पडद्यावर अमेरिकेचा ध्वज आणि 'आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका' अशा अर्थाचा मजकूर उमटला. जगभरातील सुमारे २ लाख उपकरणांना फटका बसला आणि त्यातील ३,५०० इराणमधील होती, असे इराणच्या दळणवळण मंत्रालयाने सांगितले. ही सोय वापरात नसेल तर 'नो व्हीस्टॅक' हा एका ओळीचा आदेश देऊन ती बंद करता येत होती. पुढील आवृत्त्यांत वापर नसल्यास ती आपोआप बंद होऊ लागली आणि तिची जागा 'प्लग अँड प्ले' या वेगळ्या यंत्रणेने घेतली. तरीही हे प्रकरण मिटले नाही. अमेरिकेच्या एफबीआयने २० ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या इशाऱ्यानुसार, रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेशी संबंधित हॅकर याच २०१८ च्या दोषाचा वापर करत होते आणि त्यांनी हजारो उपकरणांच्या मांडणीच्या फाइल मिळवल्या होत्या. दुरुस्ती उपलब्ध होऊन तेव्हा सात वर्षे लोटली होती.

अपडेट केले म्हणजे झालेली हानी भरून निघते, असेही नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आयओएस एक्सईच्या वेब-नियंत्रण पानातील दोष उघड झाला. त्याची तीव्रता दहापैकी दहा होती आणि उघड होण्यापूर्वीच त्याचा गैरवापर सुरू होता. पहिली दुरुस्ती १७.९.४ए या आवृत्तीत २२ ऑक्टोबर रोजी आली. हल्लेखोरांनी पेरलेला घातक कोड स्विच पुन्हा सुरू केल्यावर नाहीसा होई. त्यांनी उघडलेली सर्वाधिकार असलेली खाती मात्र तशीच राहत. नवी आवृत्ती चढवून निश्चिंत झालेल्या जाळ्यात परक्याची किल्ली शिल्लक राहू शकत होती. ती शोधण्यासाठी खात्यांची यादी माणसानेच तपासावी लागते.

कधी अपडेटची निकड हल्ल्याने नव्हे, तर घड्याळाने निर्माण होते. आयओएसच्या जुन्या आवृत्त्यांनी स्वतःच तयार केलेली स्वाक्षरित प्रमाणपत्रे १ जानेवारी २०२० च्या ठोक्याला मुदतबाह्य झाली आणि त्या आवृत्त्यांना तशी नवी प्रमाणपत्रे तयार करताही येईनात. अशा प्रमाणपत्रांवरच विसंबायचे असेल, तर सॉफ्टवेअर बदलण्यावाचून मार्ग नव्हता.

याउलट, अपडेटमुळेच जुनी साखळी तुटण्याचा धोकाही असतो. आयओएस एक्सईच्या १७.११.१ आवृत्तीपासून दुबळ्या सांकेतिकीकरणाला पूर्वनिर्धारितपणे नकार मिळू लागला. २,०४८ बिटपेक्षा लहान आरएसए किल्ल्या त्यात मोडतात. बदल योग्यच आहे. मात्र अशी जुनी किल्ली वापरणारे जाळे अपडेटनंतर व्यवस्थापकालाच दाराबाहेर ठेवू शकते.

सेवा खंडित होण्याचा काळ कमी करणे, हा अलीकडच्या सुविधांचा मोठा भाग आहे. दोन नियंत्रक पत्रे असलेल्या मोठ्या स्विचमध्ये एकाने काम सांभाळायचे आणि दुसऱ्याने नवी आवृत्ती घ्यायची, ही पद्धत रुळली आहे. संपूर्ण प्रणाली न बदलता एखादाच दोष दुरुस्त करणारी छोटी ठिगळेही मिळतात. सोनिकच्या 'वॉर्म रीबूट'मध्ये नियंत्रक भाग पुन्हा सुरू होत असताना चिप माहिती वाहतच राहते. दैनंदिन वापरात मात्र 'पर्पेच्युअल पीओई' ही सोय अधिक उपयोगी वाटेल. कॅमेरे आणि दूरध्वनी संचांना वीजही स्विचच्याच तारेतून मिळते. स्विच पुन्हा सुरू होत असताना हा वीजपुरवठा या सोयीमुळे चालू राहतो.

कोणती आवृत्ती घ्यावी, यालाही हिशेब आहे. आयओएस एक्सईच्या नेहमीच्या आवृत्तीला सुमारे १२ महिने, तर १७.९ आणि १७.१२ यांसारख्या विस्तारित आवृत्त्यांना ३६ महिने आधार मिळत आला आहे. वर्षातून एकदाच जाळे थांबवण्याची मुभा असलेल्या रुग्णालयाला वा बँकेला नवलाईपेक्षा हा दीर्घ आधार मोलाचा ठरतो.

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, मिळती ठेवावी लागतात. यात स्विचही आले. अपडेटनंतर घड्याळ आणि नोंदी पाठवण्याची मांडणी शाबूत आहे की नाही, हे पाहणे त्यामुळे तांत्रिक सोपस्कारापुरते उरत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न आधार संपलेल्या स्विचचा आहे. २४ सप्टेंबर २०२५ रोजी आयओएस आणि आयओएस एक्सईच्या एसएनएमपी या निगराणी यंत्रणेतील दोष जाहीर झाला. त्याचा वापर करून स्विचमध्ये लपून राहणारा कोड बसवला जात असल्याचे ट्रेंड मायक्रो या कंपनीने पुढील महिन्यात सांगितले. त्यातील सर्वत्र चालणाऱ्या पासवर्डमध्ये 'डिस्को' हा शब्द होता. सिस्कोच्या नावातील एक अक्षर बदलून तो घेतला असावा, असा अंदाज आहे. लक्ष्य झालेल्यांत ९३०० आणि ९४०० या चालू मालिका होत्या, तशीच कधीच जुनी झालेली ३७५०जी मालिकाही होती. नव्या स्विचमध्ये स्मृतीतील पत्ते दर वेळी बदलणारे संरक्षण असल्याने तेथे हल्ल्याचे अनेक प्रयत्न फसतात, असे निरीक्षण कंपनीने नोंदवले. ३७५०जी मालिकेचा आधार मात्र संपलेला आहे. ती उपकरणे अजूनही वापरात असलेल्या कार्यालयांपुढे ती बदलणे किंवा इतर जाळ्यापासून वेगळी काढणे, हे दोनच पर्याय उरतात.