कर्ण्यापुढचा ऑपेरा : ऐतिहासिक ध्वनिमुद्रिकांची साक्ष

११ एप्रिल १९०२. मिलान शहरातील ग्रँड हॉटेलच्या एका खोलीत ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग यांनी आपले यंत्र मांडले होते. याच हॉटेलात सव्वा वर्षापूर्वी, जानेवारी १९०१ मध्ये, थोर इटालियन संगीतकार ज्युसेप्पे व्हर्दी यांनी अखेरचा श्वास घेतला होता. भिंतीजवळ पत्र्याचा कर्णा, शेजारी उंचावर चढवलेला पियानो आणि कर्ण्यासमोर एकोणतीस वर्षांचा तरुण गायक एन्रिको कारुसो. दहा गीतांसाठी त्याने शंभर पौंड मागितले होते. गेसबर्ग यांनी आठवणींत लिहिल्याप्रमाणे, हे मानधन अवाजवी असल्याने ध्वनिमुद्रण करू नये, अशी तार लंडनच्या मुख्य कार्यालयाकडून आली होती. गेसबर्ग यांनी ती बाजूला ठेवली आणि काम उरकून घेतले. तोवर खेळणे समजल्या जाणाऱ्या ग्रामोफोनला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्या दहा तबकड्यांचा वाटा मोठा आहे.

आज ही गीते संगणकावर क्षणात ऐकता येतात. मात्र प्रथमच ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. खरखर, दुरून आल्यासारखा आवाज, किरकोळ वाटणारी साथ. ज्याची एवढी ख्याती, तो हाच का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात आहे. जुनी ध्वनिमुद्रिका ही साक्षीदारासारखी असते. ती खोटे बोलत नाही. पण तिची उलटतपासणी केल्याशिवाय तिच्यावर निकाल देता येत नाही.

कर्णा, मेण आणि तीन मिनिटे

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. दोन्हींमागील तत्त्व एकच. गायकाच्या आवाजाने हवेत उठलेल्या लहरी कर्ण्यातून एका पातळ पडद्यावर आदळत; पडद्याला जोडलेली सुई त्या कंपनांनुसार फिरत्या मेणावर खाच कोरत जाई. या प्रक्रियेत विजेचा संबंध नव्हता. मुद्रणासाठी लागणारी सारी शक्ती गायकाच्या छातीतूनच यावी लागे.

त्यामुळे या यंत्राची श्रवणशक्ती तोकडी होती. ढोबळमानाने सेकंदाला दोनशे ते अडीच हजार कंपने, एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी त्याला नीट टिपता येई. आवाजाला तेज देणारे वरचे उपस्वर गळून पडत, तसेच साथीतील खर्जही. व्हायोलिनचा नाजूक नाद मेणापर्यंत पोहोचत नसे, म्हणून ऑगस्टस स्ट्रो यांनी बनवलेली, लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा बसवलेली व्हायोलिने वापरली जात. खर्जाच्या तंतुवाद्यांची जागा अनेकदा ट्यूबासारखी पितळी वाद्ये घेत. म्हणजे जुन्या तबकडीवरचा वाद्यमेळ रचनाकाराने योजलेला असेलच असे नाही. तो बहुधा यंत्राच्या सोयीने बसवलेला असतो.

गायकालाही तडजोड करावी लागे. तार सप्तकातील जोरकस स्वर आला की कर्ण्यापासून मागे सरायचे, हळुवार ओळ आली की पुढे यायचे. पुरुषांचे मध्यम पट्टीतील आवाज या यंत्राला मानवत. स्त्रियांचे उंच आवाज मात्र त्यात बारीक आणि फिके होत. त्या काळातील गायिकांना ‘पातळ आवाजाच्या’ ठरवण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

तिसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. बारा इंची तबकडीवर मिनिटभर अधिक मिळे. त्यामुळे पदांना कात्री लागे, आवर्तने गाळली जात, कधी लय वाढवली जाई. घाईने गायलेले एखादे पद ऐकून त्या काळची लय अशीच होती, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि नादाची कक्षा बरीच रुंदावली. वेळेचे बंधन मात्र पुढे दोन दशकांहून अधिक काळ, दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या येईपर्यंत, कायम राहिले.

वेग चुकला की गळा बदलतो

सर्वांत मोठी फसगत होते ती वेगामुळे. जुन्या तबकड्यांना सरसकट ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा वेग सर्वमान्य नव्हता. कोणी मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्यांनी ध्वनिमुद्रण करी, तर कोणी ऐंशीच्या पुढे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की स्वर अर्ध्या स्वराने सरकतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एकमध्ये गायलेले पद काळी एकमध्ये ऐकू येते. स्वराबरोबर लयही वाढते, कंप जलद होतो आणि भारदस्त आवाज उथळ वाटू लागतो.

यावर वरवर सोपा उपाय असा की, स्वरलेखनात दिलेल्या पट्टीशी तबकडी जुळवून घ्यावी. परंतु अनेक गायक, विशेषतः उतारवयात, पद खालच्या पट्टीत गात असत. त्यामुळे जाणकार संपादक स्वरांची लागण, शब्दोच्चार, कंपाचा वेग आणि त्याच दिवशी मुद्रित झालेल्या अन्य तबकड्या असे सारे पुरावे एकत्र तोलतो.

ही चूक किती टोकाला जाऊ शकते, याचे बोलके उदाहरण १८६० सालचे आहे. एदुआर-लेओं स्कॉत द मार्तिनव्हिल या फ्रेंच संशोधकाने एडिसनच्याही आधी काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीच्या रेषा उमटवल्या होत्या. त्या पुन्हा वाजवण्याचा त्याचा हेतूच नव्हता. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या रेषांवरून संगणकाद्वारे आवाज निर्माण केला, तेव्हा एका फ्रेंच लोकगीताची ओळ ऐकू आली. आवाज स्त्रीचा किंवा मुलाचा असावा, असे मानले गेले. सोबत मुद्रित केलेल्या नादकाट्याच्या कंपनसंख्येचा अर्थ लावताना दुपटीची चूक झाल्याचे पुढल्याच वर्षी लक्षात आले. वेग निम्मा केला, तेव्हा गाणारा पुरुष, बहुधा स्वतः स्कॉतच, असल्याचे स्पष्ट झाले.

मग ऐकायचे कशासाठी?

इतक्या मर्यादा असताना हा खटाटोप का, असे कोणी विचारील. कारण या ध्वनिमुद्रिका जे सांगतात, ते स्वरलेखनाच्या कागदावर नसते. व्हर्दींचा ‘ओथेल्लो’ १८८७ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झाला. त्यातील नायक फ्रांचेस्को तामान्यो याचे गायन १९०३ मध्ये मुद्रित झाले. त्याच प्रयोगातील खलनायक इयागो आणि पुढे १८९३ मध्ये ‘फाल्स्टाफ’ची शीर्षक भूमिका प्रथम साकारणारा व्हिक्तोर मोरेल याचाही आवाज उपलब्ध आहे. स्वतः व्हर्दींनी ज्यांच्याकडून तालीम करून घेतली, असे हे गायक आहेत. मोरेलच्या १९०७ मधील तबकडीवर ‘फाल्स्टाफ’मधील एक चिमुकले पद तो तीनदा गातो, मधे खोलीतील मोजक्या श्रोत्यांची दाद ऐकू येते आणि तिसऱ्या वेळी तो फ्रेंच भाषेत गातो. त्याच्या गाण्यातील मोकळीक, लयीशी चाललेला खेळ, बोलता बोलता गाण्यात शिरण्याची लकब आजच्या काटेकोर गायनाशी ताडून पाहावी.

एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे घसरत जाणे, भावानुसार लय सैल सोडणे, पदात स्वतःची भर घालणे हे पुढील पिढ्यांनी बरेच आवरते घेतले. रचनाकाराशी इमान म्हणजे कागदाशी इमान, अशी धारणा विसाव्या शतकात दृढ झाली. परंतु रचनाकाराच्या पसंतीचे गायकच कागदापलीकडे जात होते, हे या तबकड्या दाखवून देतात.

काही ध्वनिमुद्रिका तर एका संपलेल्या परंपरेचा एकमेव पुरावा आहेत. बालवयातच खच्चीकरण करून ज्यांचा उंच आवाज टिकवला जाई, अशा कास्त्रातो गायकांपैकी व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधील अलेस्सांद्रो मोरेस्की याचेच एकल गायन १९०२ आणि १९०४ मध्ये मुद्रित झाले. इतर कोणाचेही नाही. ते ऐकताना कुतूहलाबरोबर अस्वस्थताही दाटून येते. ख्यातनाम गायिका आदेलिना पात्ती हिचा आवाज १९०५ मध्ये वेल्समधील तिच्या वाड्यात जाऊन मुद्रित करावा लागला. तेव्हा तिचे वय बासष्ट होते. दमसास ओसरला होता, तरी स्वरांच्या फेकीतला डौल लपत नाही. मात्र ती उमेदीत कशी गात असेल, याचा या तबकड्यांवरून अंदाजच बांधता येतो.

रंगमंचावरचा आवाज

खोलीत कर्ण्यापुढे गाणे आणि भरलेल्या नाट्यगृहात गाणे यांत अंतर असते. ते पहिल्यांदा मिटवले न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी आधी सूचकाच्या कोनाड्यातून आणि नंतर रंगमंचाच्या वरील मजल्यावरून चालू प्रयोगांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपले. प्रत्येक तुकडा जेमतेम दोन मिनिटांचा आणि आवाज वादळातून आल्यासारखा. तरीही पोलिश गायक यान द रेश्के याचा आवाज आज केवळ याच नळकांड्यांत ऐकू येतो.

पुढे रेडिओ आणि चुंबकीय ध्वनिफितीमुळे संपूर्ण प्रयोग जतन होऊ लागले. मेट्रोपोलिटनहून १९३१ च्या नाताळात प्रक्षेपणे सुरू झाली. मारिया कॅलास हिने ‘ला त्राव्हियाता’ स्टुडिओत १९५३ मध्ये मुद्रित केला. परंतु तिचे अनेक चाहते २७ मार्च १९५८ रोजी लिस्बन येथे झालेल्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणाला अधिक मान देतात. बायरॉइट महोत्सवात १९५५ मध्ये योजेफ काइलबर्ट यांच्या संचालनाखाली वाग्नरच्या ‘रिंग’ चतुष्टयाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण झाले. ते पन्नास वर्षे कपाटात पडून राहिले आणि २००६ मध्ये प्रकाशात आले.

मिलानहून कोलकात्याला

कारुसोचे गाणे टिपणारे गेसबर्ग त्याच वर्षी बोटीने भारतात आले आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. कर्णा तोच, मेण तेच आणि वेळेची मर्यादाही तीच. गाण्याच्या अखेरीस गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात, ते तबकड्या दूर जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत म्हणून. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, ही त्यामागील सोय.

तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवणे ही आपल्या गायकांपुढील समस्या युरोपीय गायकांपेक्षा कठीण होती. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांतून तिच्यावर केलेली सुंदर मात ऐकू येते, तर बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या तबकड्यांनी रंगमंचावरील गाणे घरोघर पोहोचवले. परंतु त्या पदांना प्रयोगात मिळणारा विस्तार तबकडीवर नाही, हे तेथेही विसरून चालत नाही. आणि अल्लादिया खाँ, भास्करबुवा बखले यांचे तर ध्वनिमुद्रणच उपलब्ध नाही. त्यांच्या गाण्याविषयी आपल्याजवळ केवळ शिष्यांची गायकी आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणी आहेत. अपुरी, खरखरीत साक्षही किती मोलाची, हे अशा वेळी कळते.

जतन आणि श्रवण

हे मोल ओळखून २४ डिसेंबर १९०७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात एक अनोखा समारंभ झाला. चोवीस तबकड्या दोन धातूच्या कलशांत मोहोरबंद करून तळघरात ठेवण्यात आल्या. त्या शंभर वर्षांनी उघडाव्यात, अशी अट होती. १९१२ मध्ये आणखी कलश आणि तबकड्या वाजवण्यासाठी एक ग्रामोफोनही ठेवला गेला. १९८९ मध्ये तेथे काम सुरू असताना एक कलश फोडलेला आढळला आणि ग्रामोफोन नाहीसा झाला होता. उरलेले कलश फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सांभाळले आणि मुदत संपल्यावर त्यांतील गाणी २००९ मध्ये प्रकाशित झाली.

आज असे मोहोरबंद कलश उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये हजारो जुन्या तबकड्या विनामूल्य ऐकण्यासाठी खुल्या केल्या. १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून त्या देशात स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त झाली आहेत. मात्र महाजालावर एकाच तबकडीच्या अनेक प्रती आढळतात आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो. निवड करताना ध्वनिमुद्रणाचे साल व स्थळ दिले आहे का, वेग कसा ठरवला याचा उल्लेख आहे का, हे पाहावे. खरखर पूर्णपणे पुसलेली प्रत कानाला गोड वाटली, तरी तिच्याबरोबर आवाजाचा कणखरपणाही अनेकदा पुसला जातो. थोडी खरखर शिल्लक असलेली प्रत बहुधा अधिक प्रामाणिक असते. दोन-तीनदा ऐकल्यावर कान ती आपोआप बाजूला सारतो आणि मग कर्ण्यापुढे उभा असलेला माणूस ऐकू येऊ लागतो.