स्वयंभू संख्येची कुळकथा

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत बाहेरगावचं कुणीतरी हमखास विचारतं, "मूर्ती स्वयंभू आहे का हो?" नाही. ती काळ्या पाषाणात घडवलेली आहे. १९ नोव्हेंबर १८०१ रोजी तिची प्रतिष्ठापना झाली आणि देऊळ उभारणाऱ्या लक्ष्मण विठू व देऊबाई पाटील यांची नावंही आपल्याला ठाऊक आहेत. जिथे घडवणारा सापडतो तिथे स्वयंभू म्हणता येत नाही. देवळालीच्या एका मास्तरांनी हाच नियम आकड्यांना लावला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूला जन्मले (१९०५), पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक जगभर गाजला. मला मात्र त्यांची १९४९ सालची ही कल्पना त्याहून देखणी वाटते.

कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ पासून ३८, ३८ पासून ४९. म्हणजे २८ चा जनक २३. कापरेकरांनी प्रश्न उलटा फिरवला: जिला जनकच नाही अशी संख्या असते का? २० पाहा. १४ पासून १९ मिळतात, १५ पासून एकदम २१. २० मधल्यामध्ये सुटतात. दुसरीकडूनही कुणी तिथे पोचत नाही. अशा संख्यांना मास्तरांनी नाव दिलं स्वयंभू. इंग्रजीत त्या 'सेल्फ नंबर' झाल्या. पुढे १९७०च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी हेच कोडं अमेरिकेतल्या नियतकालिकात मांडलं, म्हणून काही जण त्यांना कोलंबियन संख्या म्हणू लागले. काही जण आजही देवळाली संख्या म्हणतात, आणि तेच न्याय्य आहे.

३१, ५३, ९७ या संख्या स्वयंभू आहेत आणि मूळ संख्याही आहेत. दोन लहान संख्यांच्या गुणाकारातून त्या जन्मत नाहीत, आणि मास्तरांच्या बेरजेतूनही नाही. मग २००६ पर्यंत माहीत असलेली अशी सर्वांत मोठी संख्या कोणती?

१५ मे २००४ रोजी जॉश फिंडली यांच्या संगणकाला एक मर्सेन मूळ संख्या (२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर येणारी) सापडली: २ चा २,४०,३६,५८३ वा घात, वजा १. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. एवढ्या राक्षसी संख्येचा जनक शोधायचा कुठे? इथेच गंमत आहे. सगळे अंक ९ धरले तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ च्या वर जात नाही. म्हणजे जनक असलाच तर तो तेवढ्याच अंतरात, जवळपास शेजारीच असायला हवा. शिवाय ९ ने भागल्यावर त्याची बाकी किती उरणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे नवांतला एकच उमेदवार तपासायचा.

ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिलं की या संख्येला जनक नाही. तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या तोवर सापडल्या होत्या, पण तेव्हा माहीत असलेल्यांत सर्वांत मोठी स्वयंभू मूळ संख्या हीच ठरली. मास्तर १९८६ मध्येच गेले होते.