द्रवस्फटिकाची गाळणी

काचेच्या केसासारख्या तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाशसंदेश एकदमच धाडावेत आणि पैलटोकाशी त्यांतला हवा तोच एक वेगळा काढून घ्यावा, ही तजवीज दूरसंचाराच्या कारभारात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झाली. या निवडीसाठी जी नाना उपकरणे पुढे आली त्यांपैकी द्रवस्फटिकाच्या गाळणीची वंशावळ पाहू गेल्यास मात्र तिच्या पूर्वजांत दूरसंचाराशी संबंध असलेला एकही इसम सापडत नाही.

प्रागमध्ये संशोधन करणारा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनित्झर हा गाजरातील कोलेस्टेरॉलच्या संयुगांचा अभ्यास करीत असता, त्यांतले एक संयुग १४५.५ अंश सेल्सियसला वितळून गढूळ होते आणि पुढे १७८.५ अंशांना तो गढूळपणा अकस्मात निवळतो, असे त्याच्या ध्यानी आले. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू कसे, या कोड्याने हैराण होऊन त्याने १४ मार्च १८८८ रोजी ओटो लेमान या पदार्थवैज्ञानिकास पत्र लिहिले. लेमानने आपल्या तापविता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो, पदार्थ वाहत होता द्रवासारखा आणि प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा! गुस्ताव तामान यांच्यासारख्या मातब्बरांनी हे निव्वळ दोन द्रव्यांचे मिश्रण आहे अशी हरकत घेतली, व तो वाद पुष्कळ वर्षे चालला. १९२२ साली जॉर्ज फ्रीडेल यांनी या द्रवस्फटिकी अवस्थांचे रीतसर वर्गीकरण केले, आणि काचांमध्ये एका दिशेने ओळीने राहिलेले हे रेणू बाह्य क्षेत्राचा जोर ठराविक मर्यादेपलीकडे गेला की वळतात, हे १९२७ च्या सुमारास लेनिनग्राडच्या फ्रेडरिक्स यांनी दाखविले. पुढची सारी कारागिरी या वळण्यावरच उभी आहे.

दुसरा पूर्वज मार्सेयचा. मायक्रॉनभर अंतरावरील दोन धातूपृष्ठांमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने ते सूक्ष्म अंतर मोजावे कसे, असे शार्ल फाब्री यांना विचारले. त्या विचारणेतून फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी १८९० नंतरच्या दशकात, चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या दोन समांतर काचांचे आपले सुप्रसिद्ध उपकरण सिद्ध केले. काचांमधील अंतराशी ज्यांचा मेळ बसतो त्याच तरंगलांबी पार होतात. बाकीच्या माघारी जातात.

या दोहोंचा संयोग १९९० मध्ये न्यू जर्सीतील बेलकोअर या संस्थेत पटेल आणि सहकाऱ्यांनी तंतुसंचाराच्या अवरक्त प्रकाशासाठी घडवून आणला. दोन परावर्तक काचांमधील अवघ्या काही मायक्रॉनांच्या फटीत द्रवस्फटिक भरावा, आतील पारदर्शक विद्युत्‌वाहक लेपांना थोड्या व्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब द्यावा, की रेणू कलतात, अपवर्तनांक उतरतो, प्रकाशाच्या लेखी फट जणू अरुंद होते आणि काच तसूभर न हलविता पार होणारी तरंगलांबी सरकते. शेजारच्या संदेशांच्या तरंगलांबींमधले अंतर पुढे प्रमाणित झाले ते सुमारे ०.८ नॅनोमीटरचे, यावरून या कामातील नाजूकपणाची कल्पना यावी.

खरी अडचण निराळीच होती. रेणू कलल्याची खबर प्रकाशाच्या एकाच ध्रुवीकरणाला लागते, दुसऱ्याला नाही. आणि तंतू कुठे वाकला, कुठे तापला यानुसार येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरण तर वाटेल तसे बदलत राहते. परिणामी पार होणाऱ्या प्रकाशाचे एक शिखर हुकूम मानून सरके आणि दुसरे जागच्या जागी ठाण मांडून बसे. यावर प्रकाशाची दोन ध्रुवीकरणांत फाळणी करून, एकाला फिरवून, दोन्ही एकाच दिशेने गाळणीतून काढून पुन्हा जोडावीत, असा एक तोडगा निघाला. थरातील रेणूंनाच नव्वद अंशांचा पीळ देण्याचा दुसरा. माझ्या मते या उपकरणातील खरे कौशल्य गाळण्यापेक्षा या तोडग्यांत आहे.

मंदपणाची तक्रार मात्र राहिलीच. ध्वनिलहरींवर चालणारी गाळणी मायक्रोसेकंदांत दुसऱ्या तरंगलांबीवर जाई, तिथे द्रवस्फटिकाला मिलिसेकंद लागत. म्हणून क्षणोक्षणी वाट बदलणाऱ्या संदेशांच्या कामी त्याचा पाड लागला नाही. परंतु जाळ्याचा बंदोबस्त, म्हणजे कोणती तरंगलांबी कोणत्या शहराकडे वळवायची याचा एकदाचा निर्णय, हे काम घाईचे नव्हते. २००० नंतर सिलिकॉनच्या चकतीवर द्रवस्फटिकाचा थर पसरून त्याचे हजारो बिंदू स्वतंत्रपणे वळविणारी निवडयंत्रे आली, आणि मोठ्या जाळ्यांच्या नाक्यांवर पुष्कळ ठिकाणी आज तीच बसविलेली असतात.